अजून खाली

गायत्रीनं वाटी दोन्ही हातांत धरली, खुर्चीवरून अलगद उतरली आणि वाकून ती फरशीवर ठेवली. वाटीतला एक मणीही सांडला नाही. मग ती सरळ उभी राहिली आणि मोठं काम फत्ते केल्याच्या ऐटीत टेबलापलीकडच्या ज्योत्स्ना मॅडमकडे बघू लागली. तिचा बाप विपुल तेव्हाच खुर्चीत पुढं सरकला. मॅडम म्हणाल्या होत्या, "गायत्री बेटा, ये कटोरी खाली करो." टेबलावर एक डबाही ठेवलेला होता, मणी त्यात ओतायचे होते. भोपाळहून आलेल्या बाईंच्या तोंडी खाली म्हणजे रिकामी. साडेतीन वर्षांच्या या पोरीच्या कानाला मात्र खाली म्हणजे खाली, जिथं फरशी असते आणि चपला काढतात. "नहीं बेटा," मॅडम समजावणीच्या सुरात म्हणाल्या, "खाली. पूरी खाली करो." गायत्रीनं क्षणभर विचार केला, गुडघ्यांवर बसली आणि वाटी सरकवत सरकवत टेबलाखाली, थेट भिंतीच्या कोपऱ्यापर्यंत नेऊन ठेवली. बाहेर आली तेव्हा नव्या फ्रॉकला धूळ लागली होती. याहून खाली आता काही उरलं नव्हतं, फरशी तिथंच संपत होती. म्हणून तिनं मान वळवून वडिलांकडे पाहिलं. मॅडम हसल्या, आणि मॅडम हसल्या म्हणून विपुलही हसला. मॅडमचं हसू अर्ध्यावर आलं तेव्हा त्याचं सुरू झालं, आणि त्यांचं थांबलं तरी याचं चालूच राहिलं. वर तो म्हणाला, "थोड़ी बुद्धू है, मैडम. इसका ध्यान ही नहीं रहता." शेजारी बसलेली तृप्ती, त्याची बायको, मांडीवरच्या फायलीकडे बघत राहिली.

त्याला कळलं नसतं तर गोष्ट वेगळी होती. पण त्याला कळलं होतं, आणि पोरीनं वाटी उचलली त्याच क्षणी कळलं होतं. "मॅडम, हमारे घर में मराठी बोलते हैं, मराठी में खाली मतलब नीचे," एवढंच म्हणायचं होतं. पाणी मागायला लागतात तेवढेच शब्द. मॅडम चांगल्या बाई वाटत होत्या, अंगावर आल्या नसत्या. पण तृप्तीच्या मांडीवरच्या फायलीत जो फॉर्म होता त्यावर मातृभाषा या रकान्यात विपुलनं स्वतःच्या हातानं, वळणदार अक्षरात लिहिलं होतं: हिंदी. लिहिताना तृप्ती म्हणाली होती, "अहो, मराठी लिहा ना. खरं तेच लिहावं." तेव्हा तो म्हणाला होता, "खरं लिहून कोणाचं भलं झालंय?" चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. खरं बोलावं तर खोटं उघडं पडणार, म्हणून त्यानं पोरीला बुद्धू ठरवून टाकलं. मुलाखत म्हणायचं नाही, इंटरॅक्शन म्हणायचं, असं शाळेनं मेसेजमध्ये बजावलं होतं. इंटरॅक्शन अकरा मिनिटांत आटोपलं. बाहेर आल्यावर शिपायानं गायत्रीला एक चॉकलेट दिलं. ते तिनं फोडलं नाही, मुठीत धरून ठेवलं.

मोटरसायकलवर ती नेहमी पुढं, टाकीवर बसे. बसली की तिचं तोंड सुरू होई. गाय दिसली की गाय, केळीचा ट्रक दिसला की केळीचा ट्रक. ट्रकवर माणूस बसलेला असला तर तो का बसलाय, त्याची आई कुठंय, त्याला तिथून पडायची भीती वाटत नाही का. आज हायवेवरून शहराकडे येईपर्यंत दोन ट्रक गेले, एक उंटवाला गेला, आणि उंट जाऊनही ती गप्पच. विपुलनं मुद्दाम गाडी हळू केली. "गायू, ऊंट देखा?" त्यानं विचारलं. तिनं मान हलवली. तिच्या केसांना तेलाचा आणि शाळेतल्या फिनाइलचा असा मिसळलेला वास येत होता. शहरात शिरता शिरता रहदारीत गाडी थांबली तेव्हा तिनं मान मागं टाकून त्याच्याकडे उलटं पाहिलं आणि हळूच विचारलं, "पप्पा, अजून खाली कुठं होतं?"  मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. "कुछ नहीं बेटा, हो गया वो," तो म्हणाला आणि गाडी काढली. मागं बसलेल्या तृप्तीनं ते ऐकलं होतं. तिचा त्याच्या खांद्यावरचा हात निघाला आणि तिनं सीटमागची कडी धरली.

आता यात कोणी म्हणेल, एवढं काय मोठंसं? पोरगी लहान आहे, विसरून जाईल. विपुलनंही स्वतःला तेच सांगून पाहिलं. पण तो स्वतः कुठं विसरला होता? पाचवीपर्यंत बहादरपूरच्या मराठी शाळेत शिकून तो सहावीला शहरातल्या हिंदी शाळेत आला. पहिल्याच आठवड्यात एका पोरानं त्याची टोपी गटारात टाकली आणि यानं त्याला कंपास पेटी फेकून मारली. सरांनी विचारलं, "क्यों मारा?" हा खरं तेच बोलला, "सर, मेरे को राग आया."  मग सरांनी चष्मा काढला आणि विचारलं, "अच्छा? कौन-सा राग आया? ज़रा गाकर सुनाओ." त्या दिवसापासून तो गवैया झाला. बारावीपर्यंत गवैया. हजेरीच्या वेळी मागून कोणीतरी तान घ्यायचं. ज्या पोरानं टोपी टाकली होती त्याला कोणी काही बोललं नाही, गोष्ट तिथंच राहून गेली. हिंदीतला राग गाण्याचा आणि मराठीतला राग डोक्यात जाणारा, हे त्या अकरा वर्षांच्या पोराला कोणी सांगितलं होतं? पुढं त्याची हिंदी इतकी साफ झाली की इंदूरचे लोक त्याला इंदूरचाच समजत. पण आजही एखादा शब्द तोंडातून काढण्याआधी तो आतल्या आत त्याला उलटापालटा करून बघतो. लग्नाच्या मांडवात एका जुन्या मित्रानं "क्या गवैये!" म्हणून पाठीवर थाप मारली तेव्हा तृप्तीनं कौतुकानं विचारलं होतं, "अय्या, तुम्ही गाता?" त्यानं हो म्हणून सांगितलं होतं.

गंमत अशी की त्याचं पोट भरतं ते याच बोलीवर. ठिबकच्या कंपनीत तो शेतकऱ्यांकडे जाणारा माणूस. आज बहादरपूर, उद्या धूलकोट. बांधावर बसून, केळीच्या सावलीत चहा पिता पिता "काय दादा, यंदा घड कसे पडून राह्यले?" असं तो विचारतो तेव्हा समोरचा माणूस सैल होतो. इंदूरहून आलेला कंपनीचा साहेब तासभर नळ्यांचे फायदे सांगून थकला होता, तिथं विपुलनं दोन वाक्यांत काम केलं होतं. साहेब म्हणाला होता, "यार, तुम्हारी ये भाषा सोना है." त्या सोन्याचा एक कणही पोरीच्या अंगावर राहू नये म्हणून हा चार महिने झटत होता.

शाळा तशा त्यांनी चार पाहिल्या होत्या. एक लांब, एक फारच कोंदट. तिसरी सिंधीपुऱ्यात, घरापासून दोन गल्ल्यांवर, निर्मलाताईंची बालवाडी. दोन खोल्या, पुढं थोडं अंगण, आणि शेजारच्या यंत्रमागांची खटखट दिवसभर. तृप्तीनं सहज म्हणून नेलं होतं. निर्मलाताईंनी गायत्रीला काही विचारलंच नाही. नाव नाही, रंग नाही, आकडे नाहीत. पोरं गोल करून बसली होती, कणकेचे गोळे करत होती. गायत्रीनं चपला काढल्या आणि कोणी न सांगता दोन पोरांच्या मध्ये जागा करून बसली. अर्ध्या तासानं कणकेनं भरलेले हात पुढं करून आली आणि म्हणाली, "पप्पा, मी इथंच राह्यते. तू जाय." निर्मलाताई हसून म्हणाल्या, "राहू द्या आजच्या दिवस." विपुल बघू म्हणाला. बाहेर पडल्यावर तृप्ती म्हणाली, "मला तर हीच आवडली." त्यावर त्यानं तिला सुनावलं होतं, "कणीक मळायला शाळा लागते का? घरी मळ ना." त्याला तेव्हा ते वाक्य फार हुशारीचं वाटलं होतं. आता घरी येऊन, खुर्चीवर बसून शर्टाची बटणं काढताना त्याला स्वतःचाच राग आला. तो कोणता राग, हे तरी त्याला विचारायची गरज नव्हती.

हायवेवरची शाळा ठरल्यावर घरात फर्मान निघालं: आजपासून हिंदी. चमच्याला चम्मच, मांजराला बिल्ली, भाताला चावल. पोरगी मुळात हुशार. तिनं दोन दिवसांत आपल्यापुरती व्यवस्था लावून टाकली. पुस्तकातली ती बिल्ली आणि ओट्यावर येतं ते मांजर. बिल्ली दूध पीत नाही, मांजर पितं. विपुल ओट्यावरच्या मांजराकडे बोट दाखवून "ये क्या है?" विचारी तेव्हा ती त्याच्याकडे दयेनं बघे. तृप्तीला हसू फुटे आणि तो तिच्यावर डाफरे, "हसू नको, तिला वाटतं हा खेळ आहे." बहादरपूरला त्याची आई, धुरपदाबाई, थोरल्या भावाकडं राही. तिचा रोज संध्याकाळी नातीला फोन असे. तिलाही त्यानं सांगितलं, गायूशी हिंदीत बोलत जा. "मले कुठं येते रे हिंदी?" ती म्हणाली, पण नातीसाठी तेही करून पाहिलं. "क्या करती है गं बाई? रोटी खाया का?" गायत्रीला वाटलं आजी कोणाची तरी नक्कल करतेय. ती खदखदा हसली आणि म्हणाली, "आजी, तू आजीसारखी बोल ना!" विपुलनं फोन हातात घेऊन सांगितलं, "माय, थोडे दिवस. इंटरव्ह्यू होईपर्यंत." त्यानंतर फोन आखूड होत गेले. "बरी हाय ना पोर? जेवली ना? मंग ठेवते." मग एक दिवसाआड, मग रविवारी. त्यानं कधी विचारलं नाही की माय, तू आता फोन काहून करत नाहीस. विचारलं असतं तर तिनं खरं सांगितलं असतं. पंचावन्न वर्षं केळीच्या बागेत राबलेली, घडाला नुसती टिचकी मारून सांगणारी बाई की हा अजून आठ दिवस थांबव. तिला तिच्याच नातीशी बोलताना शब्द शोधायला लावले आपण. हे त्याला आज पहिल्यांदा सुचत होतं असंही नाही. पण आज ते टळत नव्हतं.

शुक्रवारी दुपारी तो धूलकोटला एका शेतात असताना शाळेचा मेसेज आला. प्रवेश नाकारलेला नव्हता, प्रतीक्षा यादीत ठेवला होता, आणि खाली दोन ओळींचा शेरा होता. बच्ची सरल निर्देश समझने में असमर्थ. कृपया किसी विशेषज्ञ से परामर्श लें. त्यानं तो तीनदा वाचला. शेतकरी पाण्याच्या दाबाबद्दल काही विचारत होता आणि विपुल त्याच्या तोंडाकडं बघत होता, शब्द येत होते, पण अर्थ जुळत नव्हता. असमर्थ. जिनं एकही मणी न सांडता वाटी भिंतीपर्यंत नेली ती. त्यानं मेसेज तृप्तीला पाठवला. लगेच फोन आला. ती रडत नव्हती, त्यानं त्याला जास्त भीती वाटली. "तज्ज्ञाकडं कोणाला न्यायचं?" ती म्हणाली, "तुम्हाला की तिला?" तो म्हणाला, "तृप्ती, मी शेतात आहे." ती म्हणाली, "मला माहीत होतं, तुम्हालाही माहीत होतं. मी बोलले नाही कारण तुम्ही बसले होते. तुम्ही काहून नाही बोलले?" मग तिनं फोन ठेवला. शेतकऱ्यानं विचारलं, "काय झालं भाऊ, घरी काही बरंवाईट?" विपुल म्हणाला, "नाही दादा, पोरीच्या शाळेचं." "मंग ठीक," तो म्हातारा म्हणाला आणि पुन्हा नळीकडे वळला.

शनिवारी तो एकटाच गेला. वाटभर त्यानं वाक्यं जुळवली. शुद्ध हिंदी, नम्र, थोडी इंग्रजी. ज्योत्स्ना मॅडमनी बसायला सांगितलं, आणि त्यानं जुळवलेलं सगळं विसरून एका दमात सांगून टाकलं की मॅडम, बच्ची ने सही किया था, मराठी में खाली मतलब नीचे, गलती मेरी है. त्याला वाटलं होतं त्या चिडतील, फॉर्मवरून खडसावतील, निदान कपाळाला आठ्या घालतील. तसं काही झालं असतं तर बरंच झालं असतं. मॅडमनी कपाटातून फॉर्म काढला, मातृभाषेच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि त्याच्याकडे पाहिलं. "अरे भाई साहब," त्या म्हणाल्या, "तो उसी वक़्त बता देते. मेरी सास अमरावती की हैं. आप मराठी लिखते तो मैं बच्ची से कहती, वाटी रिकामी कर." रिकामी हा शब्द त्यांनी अगदी नीट उच्चारला. मग त्यांनी हिंदी खोडून त्याजागी मराठी लिहिलं, शेऱ्यावर आडवी रेघ मारली आणि म्हणाल्या, सोमवारपासून पाठवा. "यहाँ आधे बच्चों के घर में यही है. कोई छुपाता नहीं." उठताना त्यांनी सहज विचारलं, "वैसे आपने छुपाया क्यों?" विपुल म्हणाला, "ऐसे ही, मैडम." गवैयाची गोष्ट तिथं सांगण्यासारखी नव्हती. इतकी वर्षं जिचं ओझं वाहिलं ती गोष्ट त्या गार खोलीत इतकी लहान वाटली की त्याला तिची लाज वाटली. ज्या दारापाशी आपण चार महिने दबा धरून उभे होतो ते उघडंच होतं.

येताना त्यानं पाव किलो दराबा, गायूची आवडती मिठाई, घेतला. नंबर लागला म्हणून आनंद व्हायला हवा होता, आणि तो कुठंतरी होताही, पण त्याच्याकडे बघायला सवड नव्हती. सिंधीपुऱ्याच्या वळणावर त्याला निर्मलाताईंच्या अंगणातलं पोरांचं गाणं ऐकू आलं. शनिवारची अर्धी शाळा सुटत होती. गाडी त्या गल्लीत वळवावी असं त्याला मनापासून वाटलं. आत जाऊन म्हणावं, ताई, जागा आहे का? पण हायवेच्या शाळेनं आताच मोठ्या मनानं जागा दिली होती, मॅडमनी स्वतःच्या हातानं खोडून लिहिलं होतं, आता नाही कसं म्हणायचं? त्या खोलीत तो एकदा हसला होता तेही असंच, नाही म्हणता आलं नाही म्हणून. हे त्याला कळलं, आणि कळूनही त्यानं गाडी सरळच नेली. बैल गेला आणि झोपा केला, असं माय म्हणाली असती. तिलाही फोन करायचा होता. संध्याकाळी करू, असं त्यानं ठरवलं.

गायत्री पुढच्या खोलीत जमिनीवर बसली होती. बाटल्यांची झाकणं एका ओळीत मांडत होती. चार दिवसांत ती आजारी पडली नव्हती, जेवत होती, झोपत होती. फक्त काही करायच्या आधी तोंडाकडे बघायची. पाणी पिऊ का, हे इथं ठेवू का, झाकण लाल आहे ना. तृप्ती दारात उभी राहून त्याच्याकडे बघत होती. त्यानं तिला मानेनंच सांगितलं, झालं काम.  विपुल पोरीसमोर उकिडवा बसला. दराब्याची पुडी त्यानं बाजूला ठेवली. आधी हे बोलायचं, मग ती, असं त्याच्या मनात होतं. "गायू," तो मराठीत म्हणाला, आणि चार महिन्यांनंतर तिच्याशी मराठीत बोलताना त्याचं त्यालाच चोरट्यासारखं झालं, "त्या दिवशी शाळेत तू वाटी खाली ठेवली ना, ते बरोबर होतं. अगदी बरोबर. मॅडमला तुझं बोलणं कळलं नव्हतं. आज त्यांनी सांगितलं, गायत्री हुशार आहे."

तिच्या हातातलं झाकण हातातच राहिलं. ती त्याच्याकडे बघत होती, रस्त्यात ट्रकवरच्या माणसाकडं बघायची तशी, सगळं नीट समजून घ्यायच्या बेतानं. "तुझं काहीच चुकलं नव्हतं बेटा," तो म्हणाला. तिच्या डोळ्यांतलं काहीतरी आता मोकळं होईल, ती उठून गळ्यात पडेल, पप्पा तू काय आणलं म्हणून पुडीवर झडप घालेल, याची तो वाट बघत होता. तिनं झाकण ओळीत जागच्या जागी ठेवलं. मग एकेक शब्द नीट लावत, न अडखळता, तिनं विचारलं,

"तो आप हँसे क्यों थे?"

घरात आजवर ती त्याला कधी तू शिवाय बोलली नव्हती. वाक्यात एकही चूक नव्हती. आणि तृप्ती दारातून आत आली नाही, तीही उत्तराची वाट बघत उभी होती.